गुलाबाच्या पोटातला दोरा

दसरा उलटला की आमच्या बाजूला आठ-दहा दिवस एक वेगळंच ऊन पडतं. पाऊस गेलेला असतो, पण जमीन आतून ओलीच असते, आणि वरून ते ऊन येऊन बसतं. सारवलेलं अंगण, कौलं, वाळत टाकलेल्या गोधड्या, सगळ्यांतून वाफ निघते. भात पिवळं पडायला लागलेलं असतं, त्याचा गोडसर, जरासा उबट वास खाडीच्या वाऱ्यावर येतो. लोक म्हणतात, छान हवा आहे, आता थंडी येईल. मला मात्र त्या उन्हात बसवत नाही. मी माजघरात येऊन बसते. सूनबाई विचारते, आई, बाहेर इतकं छान वाटतंय, आत काळोखात काय करताय? मी म्हणते, डोळ्यांना लागतं गो. मोतीबिंदू काढून तीन वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात नजर तरण्या माणसासारखी आहे. पण सून भली आहे, पुढे विचारत नाही.

मी पंधरा वर्षांची होते, तेव्हाचं ते ऊन. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा, आताचा रायगड. मुंबईची लाँच रेवसला लागायची, तिथून पुढे एस.टी., आणि एस.टी. बंद पडली की आपले पाय. आमची वाडी होती. वाडी म्हणजे बागायत, नारळी-पोफळीची. हे मुंबईच्या पाहुण्यांना दर खेपेला सांगावं लागायचं. विहिरीवर रहाट, रहाटाचं पाणी पाटाने आत जायचं आणि पाटाच्या दोन्ही अंगांना केळी. केळीचं आमच्याकडे काही वाया जात नाही. पान जेवायला, केळफूल भाजीला आणि बुंध्याचं सोपट फुलं ओवायला. बुंध्याची साल सुकवायची, नखाने तिच्या बारीक दोऱ्या काढायच्या आणि गजरा करायला बसलं की वाटीभर पाण्यात भिजवायच्या. अबोली असो, शेवंती असो, सोपटातच. सुताच्या दोऱ्यातली वेणी कुणी माळलेली दिसली तर आमची वहिनी म्हणायची, "बाजारातनं आणलीस काय गो?" ह्यात काय ते सगळं आलं.

घरात दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं, मी आणि इंदूताई. आई-वडील दोघंही गेलेले. इंदूताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला म्हसळ्याच्या बाजूला दिलेली. नवऱ्याने मुंबईत दुसरा संसार मांडला आणि ही गावी सासूजवळ राहिली, ती तीन वर्षं राहिली आणि एक दिवस बोचकं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. तेव्हापासून ती लांब हातांचं पोलकं घालायची. वैशाखातसुद्धा. का, ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि विचारायचं नाही हेही सगळ्यांना माहीत होतं. विहिरीवर आम्ही दोघीच असलो की ती बाह्या वर सारायची, तेव्हा तिच्या दंडावरच्या खुणा दिसायच्या, तव्यावरच्या पोळीला असतात तशा. मी बघायचे आणि ती बघू द्यायची.

त्या वर्षी गणपतीत म्हसळ्याहून पत्र आलं. सासू अंथरुणाला खिळली, सुनेला पाठवा. दादाने ते पत्र दोनदा वाचलं. दादा वाईट माणूस नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की होता. तो म्हणाला, तुळशीचं लग्न होईपर्यंत मी त्यांना काही कळवत नाही. तोवर शाळेतली जागा मिळाली तर इथे राहा, तुझं तू खा, माझी ना नाही. नाही मिळाली तर मी स्वतः तुला पोचवून येईन.

ती शाळेतली जागा म्हणजे सेसिलबाईंची जागा.

सेसिलबाई कोर्लईच्या. खाडीपलीकडून रोज सकाळी होडीने यायच्या, अंगात पांढरा झगा, डोक्यावर छत्री, पायात चिखल. मुलींच्या शाळेत शिवण आणि विणकाम शिकवायच्या. इंदूताई माहेरी परतल्यापासून त्यांच्या वर्गात जाऊन बसायची. शाळेचं नाव लिहीत नाही, तिचा काही दोष नाही. बाई लहानपणी मुंबईला ख्रिस्ती सिस्टरांच्या बोर्डिंगात होत्या, तिथे त्या क्रोशा शिकल्या. आपल्या बायका तेव्हाही क्रोशा करायच्या, पाटावरचा रुमाल, तोरण, बाळाची टोपी. पण बाई करायच्या ते काम आम्ही कधी पाहिलेलं नव्हतं. त्याला त्या आयरिश म्हणायच्या. हा देश कुठे आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. बाई सांगायच्या, आपल्यासारखाच ओला देश आहे, तिथे एकदा मोठा दुष्काळ पडला, शेतातले बटाटे कुजले, तेव्हा तिथल्या बायकांनी असली फुलं करून पोरं जगवली. हे त्यांना सिस्टरांनी सांगितलेलं. इंदूताईला ही गोष्ट फार आवडायची. पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. बटाटे कुजले आणि बायका फुलं करत बसल्या, ह्याचं आम्हाला आधी हसू यायचं. पुढे नाही आलं.

आता ही फुलं कशी करतात ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साध्या क्रोशात रुमाल मधून सुरू होतो आणि गोल गोल वाढत जातो. आयरिशमध्ये तसं नाही. आधी एकेक फूल सुटं करायचं, एकेक पान, एकेक देठ, सगळं वेगळं, आणि डब्यात टाकत जायचं. गुलाबाला तीन थर पाकळ्या, एकामागे एक. पाकळी नुसत्या बारीक दोऱ्याची केली तर ती लोळते. म्हणून तिच्या कडेला आतून एक जाड दोरा ठेवायचा आणि त्याच्यावरून मुके खांब, म्हणजे अगदी आखूड टाके, घालत जायचे, इतके दाट, की आतला दोरा दिसता कामा नये. त्याला आम्ही पोटदोरा म्हणायचो. फूल उभं राहतं ते त्या पोटदोऱ्यावर. पुरेशी फुलं झाली की एका निळ्या कापडावर ती सगळी तोंड खाली करून टाचायची आणि मधल्या मोकळ्या जागेत जाळी विणून त्यांना एकमेकांना धरायचं. महिनाभर हे काम पाठीकडूनच चालतं. समोरून कसं दिसतंय ते शेवटी टाके उसवून कापड काढेपर्यंत कळत नाही.

बाईंचे डोळे अधू झाले होते, दिवाळीनंतर त्या थांबणार होत्या. आपल्या जागी इंदूने यावं, असं त्यांच्या मनात. शाळेच्या कमिटीचं म्हणणं पडलं, की बाई तुमचा शब्द खरा, पण आम्हाला काम दिसू दे. एक मोठं टेबलक्लॉथ करून आणा, सगळं स्वतःच्या हातचं, मग बघू. गणपती बुडल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतची मुदत. छत्तीस गुलाब, पानं, देठ, द्राक्षाचे घोस आणि सगळी जाळी.

घरातली भांडी, धुणी, रहाट, सुपाऱ्या सोलायला आलेल्या बायकांचा चहा, हे सगळं आटपून छत्तीस गुलाब. वहिनीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, फुलं करायची तर करा, पण माझी चूल वेळेवर पेटली पाहिजे. इंदूताई म्हणाली, पेटेल. आणि दुपारी विहिरीवर मला म्हणाली, "शालू, थोडे गुलाब तू करशील? कुणाला सांगायचं नाय हां. बाकीचे आणि पानं-जाळी मी बघते." मला सुटी फुलं यायची, जाळी यायची नाही. मी शाळा चौथीतच सोडलेली, पण बाई मला इंदूबरोबर बसू द्यायच्या. म्हणजे लबाडी तिथेच सुरू झाली होती, ती आधी तिची होती, हेही मी लिहिते. पण ती किती एवढीशी लबाडी. चौकशी केली असती तर गावातल्या अर्ध्या बायकांच्या रुखवतात बहिणीच्याच हातचं निघालं असतं.

माझे गुलाब लोळायचे. बाईंनी एकदा माझा गुलाब तळहातावर घेऊन म्हटलं होतं, हा जेवून झोपलेला माणूस आहे. सगळ्या मुली हसल्या, मीसुद्धा हसले, आणि घरी जाऊन रडले. इंदूताईने केलेलं फूल कसं अंग आवळून बसायचं. माझं तसं होईना, केलेलं पुन्हा उसवायचे.

त्यात पोटदोरा संपला. संपला म्हणजे, मीच संपवला. वहिनीने घोसाळ्याचा वेल मांडवावर बांधायला सांगितलं आणि हाताशी दुसरं काही नव्हतं, तर मी माझ्या वाटणीच्या पांढऱ्याशुभ्र लडीतला उरलेला, चांगला दहा-बारा हात दोरा कापून वेल बांधला. ह्याला काय म्हणायचं? तो दोरा मुंबईहून यायचा, बाई कुणाकडून तरी मागवायच्या, यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. मला सांगायची लाज वाटली. इंदूताईला तर मुळीच सांगवेना, कारण ती ओरडली नसती.

त्या दुपारचं ऊन मला आत्ताही अंगावर जाणवतं. रहाट थांबलेला, बैल सावलीला. विहिरीच्या कठड्यावर वहिनीने गजऱ्यासाठी सोपट वाळत टाकलेलं. त्याचा एक धागा मी उचलला. वाळलेलं सोपट पिवळट पांढरं असतं, दोऱ्यापेक्षा गुळगुळीत आणि ताठ. मला काही फार विचार केल्याचं आठवत नाही. फुलाला सोपट, एवढंच डोक्यात आलं असेल. जन्मभर तेच केलेलं. मी ते पाकळीच्या कडेला धरलं आणि वरून खांब घालत गेले. अजून एक थर. अजून एक. तिसऱ्या थराला ते फूल माझ्या हातात उभं राहिलं.

संध्याकाळी इंदूताईला दिलं. तिने एक पाकळी बोटाने दाबली, पाकळी परत वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर आली. "शालू, हे तू केलंस?" म्हणाली, आणि हसली. किती दिवसांनी हसली होती. मग डब्यातला स्वतःचा गुलाब काढून शेजारी ठेवला आणि म्हणाली, "माझं ह्याच्यापुढे म्हातारं दिसतं गो."

ह्या एका वाक्यावर मी तो पहिला धरून चौदा गुलाब केले. सगळे सोपटाचे. आत काय आहे, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तोवर बाईंनी आधीच मागवलेला मुंबईचा नवा पोटदोरा आलासुद्धा होता. ती लडी माझ्या मांडीवर पडलेली असायची आणि मी आत सोपट घालायचे, कारण सोपटाचं फूल जास्त चांगलं दिसायचं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दोरा नव्हता म्हणून केलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

मला माहीत नव्हतं, असंही म्हणता येत नाही. सोपट भिजत घातलेल्या वाटीतलं पाणी चहासारखं होतं, हे मी कळायला लागल्यापासून रोज पाहत होते. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर पडला की तो कपडा फाटेपर्यंत डाग जात नाही, म्हणून वाडीत जायचं लुगडं निराळं, घरातलं निराळं. हे आमच्याकडे दोन वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. मला सगळं माहीत होतं. फक्त ते आणि हे एकच आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माणसाच्या डोक्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी बसून असतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत, असं होतं कधी कधी. साठ वर्षं मी ह्याच्यावर विचार केला आहे, ह्यापुढे माझी मजल गेलेली नाही.

आश्विन असा गेला. इंदूताई दुपारी ओटीवर पाय पसरून, मांडीवर निळं कापड घेऊन जाळी घालत बसायची. घामाने सुई हातातून निसटायची, मग ती पदराला बोटं पुसायची, राखेत बुडवायची, पुन्हा धरायची. बाह्या खाली ओढलेल्याच. भात पिवळं होत होतं, सुपाऱ्या अंगणात वाळत होत्या, आणि ती गुणगुणायला लागली होती. गाणं बिणं नाही, नुसता आवाज. एकदा मला म्हणाली, जागा मिळाली की शाळेजवळ एक खोली बघू, तू रविवारी राहायला ये. मग म्हणाली, नको, तू माझ्याकडेच राहा. मग स्वतःच म्हणाली, वहिनी सोडायची नाय तुला, भांडी कोण घासेल. आणि आम्ही दोघी हसलो. हे असलं आठवतं आणि मग मला ऊन नको होतं.

कापड काढलं त्या दिवशी दादासुद्धा चप्पल काढून आत येऊन बघून गेला. छत्तीस गुलाब उजेडात वर आले. वहिनी म्हणाली, मळलंय जरा. महिनाभर घामाच्या हातात होतं, मळणारच. इंदूताईला ते धुवायचं होतं, पण बाईंनी निरोप धाडला की धुऊ नको, तसंच आण.

त्याचं कारण असं, की बाईंच्या सिस्टरांची एक रीत होती. काम तपासायचं ते धुऊन. जाळीच्या गाठी खऱ्या की खोट्या ते पाण्यातच कळतं, म्हणून मुलीने केलेलं काम सगळ्यांसमोर गरम पाण्यात घालायचं, चोळायचं, पिळायचं आणि मग पसरून बघायचं. पाण्यातून निघाल्याशिवाय त्याला लेस म्हणायचं नाही, असं बाई सांगायच्या. इंदूच्या गाठी कशा आहेत ते त्यांना ठाऊक होतं. कमिटीपुढे आपल्या मुलीचं नाव व्हावं, एवढंच बाईंच्या मनात होतं.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. कमिटीचे अध्यक्ष, आणखी दोघं, हेडमास्तरीणबाई. मी खिडकीशी उभी. टेबलक्लॉथ पसरलं तेव्हा अध्यक्ष उठून उभे राहिले, चष्मा लावून वाकून बघत राहिले आणि म्हणाले, हे हात लावायचं काम नाही, बघायचं आहे. बाई म्हणाल्या, थांबा साहेब, अजून झालं नाही. आणि त्यांनी शिपाईणबाईला गरम पाण्याचं घमेलं आणायला सांगितलं. त्यात धुण्याचा सोडा टाकला. सगळ्यांना दाखवून, कपडा असा दोन हातांनी उंच धरून, त्यांनी तो पाण्यात सोडला.

मला वाटतं, तेव्हाच मला कळलं. कपडा पाण्याला लागला तेव्हा. मी ओरडू शकले असते, आणखी क्षण-दोन क्षण वेळ होता.

पाणी आधी पिवळं झालं. अध्यक्ष म्हणाले, मळ निघतोय. बाई हसल्या. मग ते लाल झालं, मग तपकिरी. बाईंना नीट दिसत नव्हतं, त्या चोळतच राहिल्या. शेवटी हेडमास्तरीणबाईंनी त्यांच्या मनगटाला धरलं. कपडा वर काढला. बावीस गुलाब पांढरे होते आणि चौदा गुलाबांच्या प्रत्येक पाकळीला कडेने गंजासारखी रेघ आली होती, आणि आम्ही बघत होतो तोवर ती रेघ पसरत जाळीत उतरत होती.

बाईंनी कात्री मागितली. कपडा डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन त्यांनी एक पाकळी कापली आणि आतून तो धागा ओढून काढला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"हे काय घातलंस इंदू?"

इंदूताईने धागा बघितला. तिला ओळखायला किती वेळ लागणार? मग तिने खिडकीकडे बघितलं. रागाने नाही. घाबरू नको, मी आहे ना, असं बघतात तसं. मी गजाला दोन्ही हातांनी धरलं होतं. तिला सांगता आलं असतं की हे गुलाब माझे नाहीत. मग स्वतःच्या हातचं, ही अट मोडली असती. नाही सांगितलं तर एवढंसं शहाणपण नसलेली बाई ठरणार. दोन्हींकडून जागा गेलीच होती. पण मी जर तेव्हा आत जाऊन म्हटलं असतं की मी घातलं, तिला माहीत नव्हतं, तर बाई रागावल्या असत्या आणि कदाचित, नुसतं कदाचित म्हणते, म्हणाल्या असत्या की बावीस तर तिचे आहेत ना. मी गज सोडले नाहीत.

"दोरा संपला होता बाई," इंदूताई म्हणाली. "मीच घातलं."

अध्यक्ष म्हणाले, मुलींना शिकवायचं म्हणजे जबाबदारी असते. मग चहा आला आणि आम्ही निघालो.

घरापर्यंत तीन मैलांची वाट. दोन्ही बाजूंना भात आडवं व्हायला आलेलं, चिमण्यांचा नुसता गोंगाट. ओला कपडा तिने पिळून पिशवीत घातला होता, पिशवीतून तपकिरी पाणी गळत होतं, तिच्या लुगड्यावर. मी वाट बघत होते की ती आता बोलेल. आता बोलेल. तिने वाटेत मला एकच विचारलं, तुझ्या चपलेचा अंगठा कधी तुटला.

दादाने शब्द पाळला. तुळशीचं लग्न लागलं आणि तिसऱ्या दिवशी तो तिला पोचवायला निघाला. वहिनीने तिला नवं पोलकं शिवून दिलं, लांब हातांचं, न सांगता. निघताना तिने आपली क्रोशाची सुई माझ्या हातात दिली, म्हणाली, तिकडे गंजेल. मी सुई घेतली. सुई घेताना तरी बोलायला हवं होतं.

पुढचं लिहायला मला जड जातं. शाळेने अलिबागची एक सर्टिफिकेटवाली बाई नेमली. चार वर्षांनी ती नवऱ्याच्या बदलीबरोबर गेली. तोवर मी घरी बसून, दादाची जुनी पुस्तकं वाचून सातवीची फायनलची परीक्षा दिली होती, आणि विणकामात गावात माझ्या बरोबरीचं कुणी नव्हतं. सेसिलबाईंनीच माझं नाव सुचवलं. त्यांना तेव्हा काहीच दिसत नव्हतं. त्याच व्हरांड्यात, त्याच टेबलाशी मला बसवलं. अध्यक्ष तेच. ते म्हणाले, त्या इंदूची बहीण ना तू? तिने केळीचं सोपट घातलं होतं. तुला माहीत होतं का तेव्हा?

मी म्हटलं, हो. मी तिला नको म्हटलं होतं.

बाई शेजारीच बसल्या होत्या. मी नमुन्याला आणलेला गुलाब त्यांच्या हातात होता, त्या त्याच्या पाकळ्यांवरून अंगठा फिरवत होत्या, एकेका पाकळीवरून, पुन्हा पुन्हा. म्हणाल्या, "हा हात मला ठाऊक आहे." एवढंच. अध्यक्षांना वाटलं, त्या माझं कौतुक करताहेत.

तीस वर्षं मी त्या शाळेत शिकवलं. तिथून मिळालेल्या पेन्शनवर हा चष्मा, हा कागद. दर वर्षी नव्या मुलींना पोटदोरा दाखवताना मी सांगायचे, सोपट घालायचं नाही हं, माझ्या एका बहिणीने घातलं होतं. मग घमेल्याची गोष्ट. मला गोष्ट छान सांगता येते. मुली पोट धरधरून हसायच्या. त्यांच्या मुलीही माझ्याकडे शिकल्या आणि त्यांना ही गोष्ट घरूनच माहीत असायची, सोपटवाली इंदू म्हणून. आजही बाजारात एखादी पन्नाशीची बाई वाकून नमस्कार करते आणि म्हणते, बाई, तुमची ती सोपटवाली बहीण आठवते. मी हसते. दर वर्षी मनात यायचं, ह्या वर्षी खरं सांगू. आणि वर्गाकडे तोंड केलं की तोंडातून तेच यायचं.

इंदूताई म्हसळ्याला गेली त्यानंतर अकरा वर्षांनी वारली, तिकडेच. मला नोकरी लागल्यापासून धरलं तर सात वर्षं मिळाली असती. शाळेला वर्षातून दोन सुट्ट्या असतात. मी म्हसळ्याला एकदाच गेले, नोकरी लागली त्या पहिल्या दिवाळीत.

आगरदांड्याहून लाँचने दिघीला, तिथून एस.टी., मग डोंगराकडेने चालत. हेच ऊन. खाचरांत कापणी चालली होती. ती दारात तांदूळ निवडत होती, मला बघून उठली, आणि मला आधी तिचे हातच दिसले. लांब पोलक्यातून बाहेर आलेले, कोयत्याच्या आणि राखेच्या कामाचे, बोटांची पेरं सुजलेली. त्या बोटांत सुई आता मावली नसती. आत सासू खाटेवर होती, उठता येत नव्हतं, आवाज मात्र चांगला होता. इंदूताईने मला ओट्यावर बसवलं, माझ्या साडीचा काठ बोटांनी चाचपून बघितला, म्हणाली, शाळेत हीच नेसतेस काय? शोभतेस गो बाई. वहिनीची पोरं कशी आहेत ते विचारलं. रहाटाचा बैल मेला तर हळहळली. मी वाटभर ठरवून आले होते की आज सांगायचं, पायावर डोकं ठेवायचं. ती चहा घेऊन आली, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"सोपटाचं विचारलं असेल त्यांनी," ती म्हणाली.

"विचारलं."

"मग?"

मी कपाकडे बघत म्हटलं, "तुझं नाव सांगितलं."

सुपातला एक खडा तिने उचलून अंगणात टाकला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "नायतर तुला ठेवली नसती."

मी तिला नको म्हटलं होतं, असंही मी त्यांना सांगितलं होतं, हे तेवढं तिला सांगायचं राहिलं. आतून सासूने हाक मारली. नावाने नव्हे, नुसतं ओरडल्यासारखी. इंदूताई उठली, जाताना म्हणाली, चहा निवेल, पी. आत खाट करकरली, तिला ती कुशीवर वळवत होती, आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही. एस.टी. चारची होती. मी चहा प्यायले. आलं घातलेलं, गूळ बेताचा. चांगला झाला होता.